माशांच्या पोटातील कृमी आणि तलावाचे आरोग्य

गावच्या तलावातील मासा बाजारात कापला असता त्याच्या पोटात पांढऱ्या फितीसारखे काही वळवळताना दिसते आणि पाहता पाहता “या तलावातील मासे किडले आहेत” अशी वार्ता पसरते. गिऱ्हाईक पाठ फिरवते, मच्छीमार सहकारी संस्थेचा माल पडून राहतो आणि पुढील वर्षीच्या ठेक्याची रक्कम कशी भरावयाची, अशी चिंता सभासदांना पडते. काही जण पाण्यात औषध टाकण्याची मागणी करतात, तर काही जण पाणकावळ्यांना दोष देतात. अशा वेळी ग्रामपंचायतीचे सदस्य, शिक्षक आणि विस्तार अधिकारी यांच्याकडे लोक सल्ल्यासाठी येतात. तो सल्ला योग्य ठरावयाचा असेल, तर ही फीत कोठून आली, माशाच्या शरीरात ती काय करते आणि पुढे कोठे जाते, याची माहिती असणे अगत्याचे आहे.

नैसर्गिक पाण्यातील बहुतेक माशांच्या शरीरात एखादा तरी परोपजीवी कृमी आढळतो. कृमी असणे म्हणजे मासा रोगी असणे नव्हे. कृमींची संख्या, माशाचे वय, पाण्याचे तापमान, अन्नाची उपलब्धता आणि तलावातील इतर जीव या सर्वांच्या मेळातून रोग उद्भवतो. म्हणूनच केवळ माशाकडे न पाहता संपूर्ण तलावाकडे पाहणे आवश्यक ठरते. परिस्थितिविज्ञान हे शास्त्र नेमके हेच करते.

कृमींचे पाच गट

गोड्या पाण्यातील माशांत आढळणारे कृमी स्थूलमानाने पाच गटांत मोडतात.

पहिला गट कल्ले व त्वचा यांवर राहणाऱ्या सूक्ष्म चपट्या कृमींचा. डॅक्टिलोगायरस व गायरोडॅक्टिलस ही त्यांतील परिचित नावे होत. यांना दुसऱ्या कोणत्याही प्राण्याची गरज लागत नाही. एका माशावरून ते थेट दुसऱ्या माशावर जातात. डॅक्टिलोगायरस अंडी घालतो. गायरोडॅक्टिलस मात्र पिलास जन्म देतो आणि त्या पिलाच्या पोटात पुढच्या पिढीचा गर्भ आधीच वाढत असतो. त्यामुळे दाटीने ठेवलेल्या मत्स्यबीजात त्याची संख्या थोड्याच दिवसांत अतोनात वाढते.

दुसरा गट पर्णकृमींचा. यांचा पहिला पोषक बहुधा पाण्यातील गोगलगाय असतो. अंड्यातून निघालेला डिंभ गोगलगाईत शिरतो, तेथे त्याची अनेक पटींनी वाढ होते आणि बाहेर पडलेले शेपटीचे डिंभ माशाच्या त्वचेतून आत जाऊन स्नायूंत, डोळ्यांत किंवा कल्ल्यांत कोश करून राहतात. तो मासा बगळ्याने खाल्ला, की कृमी प्रौढ होतो. काही पर्णकृमी माशातच प्रौढ होतात. शिवडा या मोठ्या माशाच्या वाताशयात आढळणारा आयसोपॅरॉर्किस हे त्याचे उदाहरण आहे.

तिसरा गट पट्टकृमींचा आणि चौथा गोलकृमींचा. पाचवा गट कंटकशीर्ष कृमींचा असून त्यांच्या सोंडेवर आकड्यांच्या रांगा असतात व त्या आतड्याच्या भिंतीत रुतवून ते तेथे स्थिर राहतात. मरळ माशातील या गटाच्या एका जातीचे वर्णन जी. डी. भालेराव यांनी १९३१ साली केले. नागपूरवरून तिला दिलेले नाव आजही पॅलिसेंटिस नागपुरेन्सिस असेच चालू आहे. त्यापूर्वी १९२५ साली एम. ए. मोघे यांनी मांगूर माशातील एका पट्टकृमीचे वर्णन केले होते. पुढे मराठवाडा विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातही माशांतील पट्टकृमींचा अभ्यास झाला. वाम व मरळ या माशांतील सेंगा या प्रजातीच्या अनेक जाती त्यातून नोंदल्या गेल्या. या विषयाला महाराष्ट्रात अशी जुनी परंपरा आहे.

सायक्लॉप्स : एक लहान परंतु महत्त्वाचा दुवा

पट्टकृमी व कंटकशीर्ष कृमी यांच्या जीवनचक्रात एक अगदी लहान प्राणी पुनःपुन्हा भेटतो. तो म्हणजे सायक्लॉप्स. जेमतेम एक-दोन मिलिमीटर लांबीचा हा कवचधारी जीव विहिरी, तळी व जलाशय यांत सर्वत्र असतो. महाराष्ट्रातील जुन्या पिढीला तो नारू रोगामुळे ठाऊक आहे. नारूचे डिंभ सायक्लॉप्सच्या शरीरात वाढत आणि पायऱ्यांच्या विहिरीचे न गाळलेले पाणी पिणाऱ्या माणसाच्या शरीरात जात. नारूची लागण असलेल्या भारतातील राज्यांत महाराष्ट्राचाही समावेश होता. पाणी गाळून पिणे, पायविहिरींऐवजी सुरक्षित पाणीपुरवठा करणे आणि रुग्णाला पाण्यात उतरू न देणे या उपायांनी ही साखळी तुटली. भारतातील शेवटचा रुग्ण १९९६ साली नोंदला गेला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले. या रोगावर लस निघाली नव्हती व कृमी मारणारे खात्रीचे औषधही उपलब्ध नव्हते. जीवनचक्रातील एक दुवा तोडणे एवढ्यानेच हे यश लाभले, ही बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

माशांतील कृमींच्या बाबतीतही हाच न्याय लागू पडतो. पट्टकृमीचे अंडे पाण्यात पडते, त्यातून निघालेला डिंभ सायक्लॉप्स गिळतो आणि सायक्लॉप्सला मासा गिळतो. मत्स्यबीजाचे सुरुवातीचे अन्न सूक्ष्म प्राणिप्लवक हेच असल्याने लहान मासे सर्वप्रथम सापडतात. पुढे रोहू व मृगळ यांचा आहार बदलतो. कटला मात्र जन्मभर पृष्ठभागाजवळील प्राणिप्लवकावरच प्रामुख्याने जगतो. मांगूर तळातील चिखलात अन्न शोधतो, म्हणून त्याच्या पोटातील खंडरहित पट्टकृमी टुबिफेक्ससारख्या चिखलातील गांडूळवर्गीय कृमींमधून येतात. थोडक्यात, माशाच्या पोटातील कृमी हा त्याच्या आहाराचा दाखलाच होय. कोणता कृमी आहे हे कळले, की मासा काय खातो आणि कोठे चरतो, हेही कळते.

एकाच कृमीची दोन रूपे

मरळीच्या आतड्यात दोन-चार पट्टकृमी असले तरी मासा धष्टपुष्ट दिसतो. उलट एखाद्या माशाचे पोट एकाच कृमीने फुगून तो मरणपंथाला लागतो. हा फरक का पडतो, याचे उत्तर कृमीच्या पुढील प्रवासात आहे. ज्या माशात कृमी प्रौढ होऊन अंडी घालतो तो त्याचा अंतिम पोषक. तो दीर्घकाळ जगला तर कृमीचाच लाभ होतो. परंतु ज्या माशात कृमी केवळ डिंभावस्थेत असतो, त्या माशाला दुसऱ्या प्राण्याने खाल्ल्यावाचून कृमीचे चक्र पुरे होत नाही. तेथे मासा दुबळा होणे कृमीच्या पथ्यावर पडते.

लिग्युला हा पट्टकृमी याचे ठळक उदाहरण आहे. त्याचा डिंभ सायक्लॉप्सवर्गीय जीवातून कार्पवर्गीय माशाच्या उदरपोकळीत येतो आणि तेथे लांब, जाड, पांढऱ्या फितीएवढा वाढतो. माशाचे पोट फुगते, जननग्रंथींची वाढ खुंटते आणि त्याची प्रजोत्पादनाची शक्ती नष्ट होते. असा मासा सावकाश पोहतो, काठालगत व पृष्ठभागाजवळ रेंगाळतो आणि पाणपक्ष्यांना सहज सापडतो. पक्ष्याच्या आतड्यात लिग्युला थोड्याच दिवसांत प्रौढ होतो व त्याची अंडी विष्ठेवाटे पुन्हा पाण्यात पडतात. भारतातील काही जलाशयांतील कटला माशांतही लिग्युलाचे डिंभ आढळले आहेत.

इंग्लंडमधील डेव्हन परगण्यात स्लॅप्टन ले नावाचे एक सरोवर आहे. तेथील रोच या माशाची संख्या फार वाढलेली होती व दाटीमुळे मासे खुरटे राहिले होते. १९७० च्या दशकात डोक्यावर तुरा असणारी मोठी टिबुकली तेथे घरटी करू लागली आणि तिच्यामागोमाग लिग्युलाचा प्रादुर्भाव झाला. रोच माशांची संख्या झपाट्याने घटली. मात्र उरलेल्या माशांना पुरेसे अन्न मिळून त्यांची वाढ सुधारली. पुढे संख्या पुन्हा वाढली आणि कृमीनेही पुन्हा डोके वर काढले. सी. आर. केनेडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकतीस वर्षांत अशी तीन आवर्तने नोंदवून २००१ साली ती प्रसिद्ध केली. पोषक दाट झाला की कृमी फोफावतो आणि पोषक विरळ झाला की कृमीही ओसरतो, हे या अभ्यासावरून स्पष्ट होते. तलावात मर्यादेबाहेर बीज सोडणाऱ्यांनी यावरून घ्यावयाचा बोध उघड आहे.

मोजणी कशी करावी

कृमी सर्व माशांत सारख्या प्रमाणात वाटलेले नसतात. बहुसंख्य माशांत ते नसतात किंवा थोडे असतात आणि मोजक्या माशांत मोठ्या संख्येने एकवटलेले असतात. एच. डी. क्रॉफ्टन या शास्त्रज्ञाने १९७१ साली अशा विषम वाटणीला परोपजीवनाच्या व्याख्येतच स्थान दिले. या नियमाचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे.

समजा, एका तलावातील २० मासे तपासले. त्यांपैकी १२ मासे कृमिमुक्त निघाले आणि उरलेल्या ८ माशांत मिळून ४० कृमी सापडले. म्हणजे लागणीचे प्रमाण शेकडा ४० झाले. लागण झालेल्या दर माशामागे कृमींची सरासरी ५, तर तपासलेल्या एकूण माशांच्या मानाने ती २ येते. आता या ४० पैकी २८ कृमी केवळ दोनच माशांत असतील, तर ज्याच्या हाती ते दोन मासे लागले तो “तलाव किडला” म्हणेल आणि ज्याने इतर दोन पाहिले तो “काहीच नाही” म्हणेल. दोघांचेही म्हणणे अपुरे ठरेल. म्हणून दोन-तीन मासे कापून निष्कर्ष काढू नये. निरनिराळ्या आकारांचे निदान तीसएक मासे तपासावेत आणि जात, लांबी, वजन, महिना, कृमीचे स्थान व संख्या यांची नोंदवही ठेवावी.

ही नोंद वर्षभर ठेवणे अधिक उपयुक्त होय. महाराष्ट्रातील जलाशयांवर झालेल्या अनेक अभ्यासांत पट्टकृमींचे प्रमाण उन्हाळ्यात अधिक व पावसाळ्यात कमी आढळले आहे. उन्हाळ्यात पाणी आटते, मासे व सायक्लॉप्स दाटीने एकत्र येतात आणि उष्णतेमुळे डिंभांची वाढही लवकर होते. पावसाळ्यात नवे पाणी येऊन सर्वच विरळ होते. ज्या शाळेजवळ तलाव आहे, तेथील विज्ञान शिक्षकांना साध्या सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने विद्यार्थ्यांकडून असे काम करून घेणे शक्य आहे.

धरणे, मत्स्यबीज आणि नवे पाहुणे

नदीवर धरण झाले की वाहते पाणी स्थिरावते. काठाशी पाणवनस्पती माजतात, गोगलगाई वाढतात, प्राणिप्लवक विपुल होतो आणि पाणपक्षी येऊ लागतात. जायकवाडीचा नाथसागर किंवा उजनीचा जलाशय पाहिला, की हा बदल ध्यानात येतो. ज्या कृमींना गोगलगाय, सायक्लॉप्स व पक्षी लागतात त्यांना असे पाणी मानवते. पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी तलाव उथळ व वनस्पतियुक्त असल्याने तेथेही हे सर्व दुवे एकत्र आढळतात.

याहून मोठा धोका मत्स्यबीजाच्या वाहतुकीतून संभवतो. मूळ पूर्व आशियातील एका पट्टकृमीचे वर्णन यामागुती यांनी १९३४ साली जपानमध्ये केले. तो गवत्या व इतर कार्प माशांबरोबर देशोदेशी गेला आणि आज अंटार्क्टिका वगळता सर्व खंडांत पोहोचला आहे. लहान कार्प माशांच्या आतड्यात तो गर्दी करतो, आतडे तुंबते व बीज दगावते. सायक्लॉप्स सर्वत्र असल्याने नव्या देशात त्याला कोठेच अडले नाही. नॉर्वेचा अनुभव त्याहून कडू आहे. १९७० च्या दशकात बाहेरून आणलेल्या सामन माशांच्या पिलांबरोबर गायरोडॅक्टिलसची एक जात तेथे आली. अर्ध्या मिलिमीटरच्या या कृमीने पुढे सुमारे ५० नद्यांतील सामन धोक्यात आणला. काही नद्यांतील सर्व मासे विषप्रयोगाने मारून नदी नव्याने वसविण्याची पाळी त्या देशावर आली. बीज तपासून घेण्याचा खर्च यापुढे क्षुल्लकच म्हणावा लागेल.

कृमींचा एक अनपेक्षित उपयोगही येथे नमूद करणे योग्य होईल. कंटकशीर्ष कृमी आपल्या शरीरात शिसे साठवितात. १९९० च्या दशकात जर्मनीतील संशोधकांना या कृमींमधील शिशाचे प्रमाण माशाच्या स्नायूंतील प्रमाणाच्या हजारो पट आढळले. त्यामुळे पाण्यातील जड धातूंचे प्रदूषण ओळखण्यासाठी त्यांचा उपयोग होऊ शकतो.

माणसाला अपाय होतो काय?

माशाच्या आतड्यात प्रौढ होणारे बहुतेक कृमी माणसाच्या शरीरात जगत नाहीत. परंतु काही कृमींचे डिंभ माशाच्या मांसात असतात आणि कच्च्या अथवा अर्धवट शिजविलेल्या मासळीतून ते माणसात येतात. ईशान्य थायलंडमध्ये कच्च्या माशाचा पदार्थ खाण्याच्या प्रथेमुळे ऑपिस्थॉर्किस हा यकृतातील पर्णकृमी पसरला. त्याच्या दीर्घकालीन लागणीतून पित्तनलिकेचा कर्करोग उद्भवतो, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ साली निश्चित केले. फिनलंडमध्ये एके काळी माशांतील रुंद पट्टकृमीमुळे ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होऊन पंडुरोग होत असे. मरळीसारख्या माशांतून नॅथोस्टोमा हा गोलकृमीही माणसात येऊ शकतो. त्याचे अंतिम पोषक मांजर व कुत्रा हे आहेत.

महाराष्ट्रात मासळी कालवणात शिजवून किंवा तळून खाण्याची पद्धत आहे आणि हेच सर्वांत मोठे संरक्षण आहे. आतपर्यंत नीट शिजलेल्या मासळीत कृमी जिवंत राहत नाहीत. उणे २० अंश सेल्सियस तापमानात सात दिवस गोठविल्यानेही ते मरतात. केवळ लिंबू, मीठ किंवा मसाला लावून ठेवणे मात्र पुरेसे नव्हे. माशांची आतडी तलावात किंवा उघड्यावर न टाकता पुरून टाकावीत, तसेच मांजर-कुत्र्यांना कच्ची मासळी घालू नये. उघड्यावरील मलविसर्जन तलावाच्या पाणलोटात होऊ न देणे हाही या साखळीवरचाच इलाज आहे.

काय करावे आणि काय टाळावे

“रोग रेड्याला आणि औषध पखालीला” ही म्हण येथे आठवते. पाणकावळे व बगळे मारल्याने कृमी संपत नाहीत. अनेक पक्षी दूरवरून येतात, त्यांना कायद्याचे संरक्षण आहे आणि रोगट मासे टिपून ते तलावाची सफाईही करीत असतात. गोगलगाई मारण्यासाठी मोरचूद टाकणे तर अधिकच घातक होय. त्याने मासे मरतात आणि ज्या पाण्यावर जनावरे व माणसे अवलंबून आहेत ते दूषित होते.

याउलट पुढील उपाय साधे व आवाक्यातील आहेत. संवर्धन तळी उन्हाळ्यात पूर्ण आटवून तळ तडकेपर्यंत सुकू द्यावीत व चुना पसरावा; त्यामुळे अंडी, गोगलगाई व सायक्लॉप्स या तिन्हींचा बंदोबस्त होतो. काठाच्या पाणवनस्पती हाताने काढाव्यात. मत्स्यबीज विश्वसनीय केंद्रातूनच घ्यावे, काही बोटुकल्यांची कल्ले व आतडी तपासून पाहावीत, आणलेले बीज शक्य तर काही दिवस वेगळे ठेवावे. कल्ल्यांवरील कृमींसाठी २ ते ३ टक्के मिठाच्या द्रावणात बीज काही मिनिटे बुडवून काढण्याची पद्धत उपयोगी पडते. मात्र मासे अस्वस्थ होताच त्यांना स्वच्छ पाण्यात सोडावे. संगोपनाच्या लहान तळ्यांवर जाळे ताणल्यास पक्ष्यांना इजा न होता अटकाव होतो. बीजाची दाटी टाळावी. पोट फुगलेले व काठाशी रेंगाळणारे मासे वेळीच काढून पुरावेत. प्रादुर्भाव मोठा वाटल्यास जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयास नमुन्यासह कळवावे.

मच्छीमारांसाठी तलाव हे शेतच आहे. शेतातील किडीचा विचार करताना शेतकरी पीक, जमीन, पाणी व हवामान या सर्वांचा मेळ घालतो. तलावाच्या बाबतीतही तीच दृष्टी हवी. भोई, ढीवर आणि कोळी समाजातील अनेक कुटुंबांचे पोट तलावावर चालते. अशा तलावाची बदनामी एका दुपारच्या अफवेवर होऊ देणे जितके अयोग्य, तितकेच खऱ्या प्रादुर्भावाकडे डोळेझाक करणेही अयोग्य होय. ज्या गावात तलावाची नोंदवही आहे, बीज तपासून सोडले जाते आणि उन्हाळ्यात संवर्धन तळी सुकविली जातात, तेथे सभेत कोणी फीत दाखविली तर तिचे नाव, तिचा मार्ग आणि तिच्यावरील उपाय सांगता येतील, आणि निर्णय भीतीवर न होता माहितीवर होईल.